‘पाश्चात्य लग्न’ म्हणजे नक्की कुणाचं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लग्नसराई सुरू झाली की आपल्या पुरवणीत एक वाक्य हमखास येतं, "आजकाल पाश्चात्य पद्धतीने लग्नं होतात", आणि मग पांढरा गाऊन, केक, शॅम्पेन, मित्रांची भाषणं सगळं एकाच टोपलीत. मी दरवर्षी वाचते, दरवर्षी चिडते आणि दरवर्षी पत्र लिहायचं राहून जातं, यंदा लिहितेच. मी मूळची सांगलीची, अकरा वर्षं झाली नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरीला आहे, धाकटा भाऊ अमेरिकेत ओहायोत कोलंबसला, त्यामुळे दोन्हीकडची लग्नं जेवलेय (डच लग्नात जेवण मिळालं तर, त्याबद्दल पुढे सांगते). आणि मागच्या वर्षी तर एकाच जोडप्याचं लग्न दोनदा बघितलं, एकदा डच आणि एकदा अमेरिकन. त्यानंतर "पाश्चात्य" हा शब्द कुणी काढला की मला हसूच येतं. अहो त्या दोन घरांना एकमेकांचे विनोद कळेनात, आणि आपण त्यांना एका खोलीत कोंबून मोकळे!

यातला नवरदेव माझ्या ऑफिसातला. गाव आख्तरहूक भागात, म्हणजे पार जर्मनीच्या हद्दीला लागून, गाई, मका आणि मोजून मापून बोलणारी माणसं. नवरी अमेरिकेतल्या पिट्सबर्गची, लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला सुद्धा "तुमचा शर्ट काय छान आहे हो" म्हणणारी. दोघं आमच्याच ऑफिसात भेटले. आता पत्रिकेपासून सुरू करते कारण गंमत तिथूनच आहे.

डच पत्रिकेत तुम्ही कुठल्या दर्जाचे पाहुणे ते छापलेलं असतं. ‘दाखगास्ट’ म्हणजे दिवसाचे पाहुणे, त्यांना लग्न, केक, जेवण सगळं. आणि ‘आवोंतगास्ट’ म्हणजे संध्याकाळचे पाहुणे, त्यांनी रात्री आठ-साडेआठला यायचं, घरी जेवून यायचं, हे कुठेही लिहिलेलं नसतं कारण डच माणसाला ते पाळण्यातच कळलेलं असतं. आम्हाला कुठलं कळायला! इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका लग्नाचं बोलावणं आलं, रात्री साडेआठ, आम्ही दोघं दुपारपासून पोट रिकामं ठेवून, लग्न म्हणजे पंगत हे डोक्यात पक्कं, आणि तिथं गेल्यावर बिअर, वाईन, शेंगदाणे. दहाच्या सुमाराला एक मुलगी ट्रे घेऊन आली, त्यात बिटरबालन, म्हणजे आतून उकळता रस्सा असलेले मांसाचे गोल वडे, नवऱ्याने भुकेपोटी अख्खा तोंडात टाकला आणि टाळू भाजून घेतली. रात्री बाराला बाहेर फ्राईजची गाडी लागली तेव्हा लायनीत पहिले आम्ही. आपल्याकडे असं कुणाला "जेवून या हं लग्नाला" म्हटलं असतं तर तीन पिढ्या बोलणं बंद झालं असतं, इथं मात्र कुणाला काहीच वाटत नाही, हॉलचा खर्च माणशी एवढा येतो, मग सगळ्यांना कसं परवडेल, सरळ हिशोब.

आहेराचंही तसंच. आपण छापतो "कृपया आहेर आणू नये" आणि मग पाकीट हळूच घेतो. डच पत्रिकेत खाली कोपऱ्यात पाकिटाचं चित्र असतं! एवढंसं चित्र, म्हणजे पैसे द्या, भांडी नकोत. अमेरिकन लोक त्याच्याही पुढे, ते दुकानात यादीच लावतात, कुठली कढई, कुठला टॉवेल, कुठल्या रंगाचा, तुम्ही त्यातलं एक निवडून पैसे भरायचे. ही यादीची पद्धत शिकागोच्या मार्शल फील्ड्स नावाच्या दुकानाने १९२४ मध्ये सुरू केली म्हणतात, म्हणजे त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली. पण इथं मजा बघा, आमच्या नवरीला ते पाकिटाचं चित्र बघून धक्का बसला, "आपण पैसे मागतोय असं वाटेल!" आणि नवरदेवाला यादी बघून धक्का बसला, "ऐंशी डॉलरचं पातेलं तू लोकांकडून मागतेस?" दोघंही माझ्या टेबलापाशी उभे राहून मला न्याय द्यायला सांगतायत, मी काय बोलणार, आमच्या लग्नात सहा भिंतीवरची घड्याळं आणि चौदा लेमन सेट आले होते.

नेदरलँड्समध्ये कायद्याचं लग्न एकच, नगरपालिकेतलं. फ्रेंच राजवटीत १८११ पासून हे आलं आणि तेव्हापासून चर्च दुसऱ्या नंबरवर. आधी पालिका मग देव, उलटं चालत नाही, कायद्याचं लग्न व्हायच्या आधी धार्मिक लग्न लावून दिलं तर लावणाऱ्यालाच दंड होऊ शकतो, हे इथल्या आपल्या मराठी मंडळींनी गुरुजींना ऑनलाईन बोलावण्याआधी लक्षात ठेवावं. किमान चौदा दिवस आधी कळवायचं, साक्षीदार कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार. आणि प्रत्येक पालिकेला आठवड्यात काही वेळा फुकट लग्न लावून द्यावंच लागतं, बहुतेक ठिकाणी ती वेळ सोमवारी नाहीतर मंगळवारी भल्या सकाळी असते, म्हणजे ज्या वेळेला एरवी कोण लग्न करणार अशी. गंमत म्हणजे चांगले कमावते लोकही ती वेळ घेतात आणि वर अभिमानाने सांगतात, "फुकट झालं." आपला मुहूर्त पंचांगातून निघतो, यांचा दरपत्रकातून.

आमच्या नवरदेवाचंही सोमवारीच ठरत होतं पण नवरीच्या आईने पिट्सबर्गहून फोनवर जो काही आवाज काढला त्यानंतर शुक्रवार दुपार ठरली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी त्या गावी गेले होते ते मात्र मनापासून आवडलं. तिथं शेजारधर्माला ‘नोअबरस्खाप’ म्हणतात आणि तो खरंच पाळतात, घरात लग्न असलं की शेजाऱ्यांनी दाराला हिरव्या फांद्यांची कमान घालायची आणि तिला कागदाची फुलं लावायची, आणि ती फुलं विकत आणायची नाहीत. एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये वीस-पंचवीस माणसं बसलेली, क्रेप पेपरच्या पट्ट्या, पातळ तार, पांढरा आणि गुलाबी रंग, एक आजोबा अंगठ्याने कागदाची कड ओढून पाकळी वळवायचे, पट्टी गुंडाळायची, खाली तारेने आवळायची, मिनिटात एक गुलाब. कुणी फारसं बोलत नव्हतं. कॉफी झाली, मग बिअर झाली. मी आपली मांडवाला डहाळे बांधणाऱ्या आमच्या गल्लीच्या आठवणीत. नवरीने विचारलं की ह्यांना थँक यू कार्ड कधी पाठवायची, तर सासू म्हणाली, "कार्ड कशाला? त्यांच्या मुलीचं लग्न होईल तेव्हा तू फुलं करायला ये." झाला हिशोब.

पालिकेतलं लग्न मात्र विनोदी असतं हे मला आधी माहीत नव्हतं. लग्न लावणारा अधिकारी आधी जोडप्याला भेटून त्यांची माहिती काढतो आणि मग सगळ्यांसमोर त्यांची गोष्ट सांगतो, त्यात चिमटे भरपूर. आणि मग एकदम गंभीर होऊन कायद्याचं वाक्य वाचतो, की कायद्याने लग्नाला जी जी कर्तव्यं जोडलेली आहेत ती सगळी तुम्ही निष्ठेने पार पाडाल असं जाहीर करता का. त्यावर म्हणायचं, "या". बस. एक अक्षर. नवरी चार पानं लिहून घेऊन आली होती हो! तिच्याकडे नवरा-नवरी स्वतःच्या शपथा स्वतः लिहितात, वाचताना रडतात, समोरचेही रडतात. अधिकाऱ्याने तिला वाचू दिलं, सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, आणि नवरदेवाची पाळी आली तर तो म्हणाला, "मला पण तसंच वाटतं." डच बाजू खूश, साधं आणि खरं. पिट्सबर्गची आई पर्समध्ये रुमाल शोधत होती, पण वेगळ्या कारणाने.

मग संध्याकाळी ते प्रकरण झालं ज्याच्यासाठी हे पत्र.

डच लग्नात ‘सेरेमोनीमेस्टर’ म्हणून एक मित्र किंवा बहीण असते, तिचा ई-मेल पत्रिकेतच दिलेला असतो, ज्याला काही ‘स्तुक्ये’ करायचं असेल त्याने तिच्याकडे नाव द्यायचं. स्तुक्ये म्हणजे छोटा तुकडा, नाटुकलं, गाणं, काहीही, आणि विषय एकच, नवरा-नवरीची जेवढी म्हणून फजिती आठवते तेवढी. कुणी ए पासून झेड पर्यंत अक्षरांवर त्यांचे दुर्गुण सांगतं, कुणी सगळ्यांना पाठ असलेल्या चालीवर नवीन शब्द बसवतं आणि त्याचे छापील कागद प्रत्येक पाहुण्याच्या हातात देतं, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. नवरदेवाच्या आत्ये-मामे भावंडांनी अकरा कडव्यांचं गाणं केलं होतं. त्यात तो सायकलसकट कालव्यात पडला ते होतं, बाराव्या वर्षापर्यंत अंधाराला घाबरायचा ते होतं, आणि सातव्या कडव्यात पहिल्या डेटची गोष्ट, की याने त्या पोरीला घरी बोलावलं, पाकिटातलं टोमॅटो सूप गरम करून दिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वाट्याचे साडेतीन युरो मागणारी टिकी पाठवली. (टिकी म्हणजे इथलं फोनवरून पैसे मागायचं ॲप, आपल्या यूपीआयसारखं समजा, फक्त हे मुख्यतः मागण्यासाठीच वापरतात.) सगळा हॉल टेबलं बडवत होता, नवरदेव स्वतः हसून हसून लाल, काकू डोळे पुसतायत, आणि एका टेबलावर पिट्सबर्गची सहा माणसं हातात कागद धरून चेहऱ्यावर तेच ते हसू ठेवून बसलेली, आपण नाही का दातांच्या डॉक्टरकडे बसतो तसं.

त्यानंतर नवरीची पाठराखीण उठली, कॉलेजची मैत्रीण, तिने ग्लास हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली की तू मला माझ्या वाईट दिवसांत सांभाळलंस, तू नसतीस तर आज मी इथं नसते, तुझ्यासारखं मन मी जगात पाहिलं नाही, आणि रडायला लागली, नवरी रडायला लागली, दोघी गळ्यात पडल्या. डच टेबलांवर सगळे आपापल्या बिअरच्या फेसाकडे बघतायत. माझ्या शेजारी नवरदेवाचे काका होते, शेतकरी माणूस, ते माझ्याकडे झुकून हळूच विचारतात, "कुणी वारलंय का?"

खरं सांगते, त्या क्षणी मला दोन्ही बाजू कळत होत्या आणि मी मध्ये बसून गुदमरत होते. कारण हे काकांना कसं सांगणार की ती मुलगी जे म्हणतेय ते खरं आहे आणि तिच्याकडे ते तोंडाने बोलावंच लागतं, नाही बोललं तर प्रेम कमी पडलं असा अर्थ होतो. आणि त्या मुलीला कसं सांगणार की अकरा कडव्यांचं गाणं लिहायला त्या भावंडांनी तीन रविवार घालवलेत, आणि ज्याच्यावर गाणं होत नाही त्यानेच काळजी करावी. आपल्याकडे मुलीकडच्या बायका विहिणीवर गाणी रचून म्हणायच्या, माझ्या आजीला डझनभर पाठ होती, विहिणीचं नाक, विहिणीचं खाणं, काही सोडायच्या नाहीत. फरक एवढाच की आपण समोरच्या घराची टिंगल करतो आणि डच स्वतःच्याच पोराची, समोरच्या घरासमोर.

आता भाग दुसरा, पिट्सबर्ग, ऑक्टोबर महिना. कोलंबसहून भावाची गाडी घेऊन तीन तासांत पोचलो. कागदावर लग्न आधीच झालेलं, त्यामुळे इथं फक्त समारंभ, आणि तो लावायला कोण तर नवरीची दुसरी एक मैत्रीण. सासूबाईंनी, म्हणजे नवरदेवाच्या आईने, मला विचारलं ही पालिकेतली आहे का. म्हटलं नाही, हिने ऑनलाईन फॉर्म भरून धर्मगुरूपद घेतलंय. १९६२ पासून कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल लाईफ चर्च म्हणून संस्था आहे, ती मागेल त्याला फुकटात धर्मगुरू करते आणि अमेरिकेत पुष्कळ लग्नं असेच एक दिवसाचे गुरुजी लावतात. शिवाय तिथं प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. पेनसिल्व्हेनियात, म्हणजे पिट्सबर्गच्या राज्यात, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या परंपरेमुळे लग्न लावणाऱ्याशिवायच लग्नाचं लायसन्स मिळू शकतं, तिकडे कोलोरॅडोत तर लोक लायसन्सवर कुत्र्याच्या पंजाचा ठसा घेतात, हौस म्हणून. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आणि फॉर्म भरायला चौदा दिवस लागतात का?" म्हटलं, पाच मिनिटं.

बाकी तिथलं सगळं तुम्ही सिनेमात बघितलेलं आहेच, आदल्या रात्रीची रंगीत तालीम आणि तिचं वेगळं जेवण, एकसारखे कपडे घातलेल्या पाच मुली आणि पाच मुलगे, बापाबरोबर नाच, गुच्छ फेकणं, ते मी सांगत बसत नाही. नवीन होतं ते बिस्किटांचं टेबल.

पिट्सबर्ग आणि ओहायोतलं यंग्सटाउन या पट्ट्यात लग्नात केकपेक्षा मान ‘कुकी टेबल’ला असतो. (दोन्ही गावं ती पद्धत आमचीच म्हणून भांडतात.) मंदीच्या काळात इटलीतून, पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांच्या घरी मोठा केक परवडायचा नाही म्हणून आत्या-मावश्यांनी घरोघरी बिस्किटं भाजून आणायची, असं सांगतात. हॉलची एक अख्खी भिंत, तिला लागून टेबलं, त्यावर ताटंच्या ताटं. शंकरपाळ्याच्या आकाराची अक्रोड भरलेली, पीचसारखी दिसणारी दोन अर्धगोल चिकटवून साखरेत घोळवलेली, नळीत क्रीम भरलेली, ती म्हणे पूर्वी कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याभोवती पीठ गुंडाळून भाजायच्या. आणि प्रत्येक ताटापाशी कुणाची मावशी उभी, आपल्या ताटातलं किती संपलं ते बघत आणि शेजारच्या ताटाकडे तिरक्या नजरेने. अहो, रुखवत! फक्त रुखवत आपण बघतो, हे खातात. मी भावाला म्हटलं इथं काकूंची चिरोट्यांची परात ठेवली असती तर कुणाला वेगळी वाटली नसती. सासूबाई एका पातळ नक्षीदार बिस्किटापाशी थबकल्या, इटालियन लोक त्याला पित्सेले म्हणतात, आणि त्या म्हणतायत हे तर आमचं क्नीपर्चे, नवीन वर्षाला आम्ही हेच करतो! ती मावशी आणि ह्या, दोघींनी वीस मिनिटं लोखंडी साच्याबद्दल गप्पा मारल्या, एकीचं इंग्लिश तुटकं आणि दुसरी भराभर बोलणारी, काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. नवरदेवाचा भाऊ ‘बेस्ट मॅन’, म्हणजे पाठराखा, त्याने भाषण करायचं असतं. अमेरिकेत या भाषणाचा साचा ठरलेला आहे, आधी दोन-तीन विनोद करायचे, तेही नवरीच्या आजीला चालतील असे, आणि मग आवाज खाली आणून सांगायचं की हा किती मोठ्या मनाचा आहे आणि तू याच्या आयुष्यात आल्यापासून हा कसा फुललाय, मग सगळ्यांनी रुमाल काढायचे. या बिचाऱ्याला पहिला भाग कुणीतरी सांगितला होता, दुसरा राहिला. त्याने कालवा सांगितला, अंधार सांगितला आणि सूप सांगितलं. टिकी म्हणजे काय हेही नीट समजावून सांगितलं, साडेतीन युरोचे डॉलर किती होतात ते सुद्धा. दोनशे माणसांच्या हॉलमध्ये आम्ही नेदरलँड्सहून आलेले सोळा जण तेवढे हसलो. त्याने आमच्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं, आणि म्हणाला, "तर एकंदरीत वाईट जमलेलं नाही. चिअर्स." आणि बसला.

डच भाषेत "वाईट नाही" म्हणजे शाबासकी हो, याहून मोठी नसते. पण ते दोनशे जणांना कोण सांगणार! नवरीच्या आजीने शेजारणीला विचारलेलं मी माझ्या कानाने ऐकलं, "त्याने तिच्याकडे खरंच पैसे मागितले?" आणि थोड्या वेळाने नवरीचे वडील नवरदेवाला बाजूला घेऊन गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बाळा, पैशाची काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांग. नवरदेवाने मला हे सांगितलं तेव्हा तो हसत होता की रडत होता मला कळलं नाही.

नंतर पैशाचा नाच झाला, नवरीबरोबर क्षणभर नाचायचं आणि एक डॉलर द्यायचा, त्या भागात हीही पद्धत आहे, मग सगळे तिच्याभोवती कडं करतात आणि नवरदेवाने ते फोडून आत घुसायचं. आमचे शेतकरी काका लायनीत उभे राहिले, त्यांच्याकडे पाचाची नोट होती, त्यांनी चार परत मागितले. या वेळी मात्र अख्खा हॉल हसला, आणि काकांना शेवटपर्यंत कळलं नाही का ते.

मी काही डच चांगले आणि अमेरिकन खोटे असं म्हणत नाही, तसं म्हणणारे इथं पुष्कळ भेटतात आणि मला त्यांचा कंटाळा आहे. त्या मावश्यांनी आठ-दहा दिवस ओव्हनपुढे काढले ते काय खोटं होतं? आणि डच लोकांचा सगळा रुक्षपणा गोड मानून घ्यावा असंही नाही, माझ्या नवऱ्याची टाळू अजून आठवण काढते. हे लोक लग्नाला साडेबारा वर्षं झाली की वाढदिवस करतात, पंचविशीचं अर्धं म्हणून, त्याला तांब्याचं लग्न म्हणतात. आपल्याकडे बारा वाजले म्हणतात, यांच्याकडे साडेबारा वाजले की पार्टी! आमच्या साडेबाराला दोन वर्षं बाकी आहेत आणि ऑफिसात आत्तापासून गाण्याची तयारी चाललीय अशी मला दाट शंका आहे.

आता एवढंच सांगून थांबते. ‘कुकी’ हा इंग्लिश शब्द मूळचा डच, ‘कूक्ये’, जुने डच वसाहतवाले न्यूयॉर्कचं नाव न्यू ॲमस्टरडॅम होतं तेव्हा तिकडे घेऊन गेले. पिट्सबर्गला निघताना प्रत्येक पाहुण्याला पुठ्ठ्याचा डबा देतात, हवी तेवढी बिस्किटं भरून न्या. सासूबाईंनी एक घेतलं. त्या पित्सेलेवाल्या मावशीने त्यांच्या हातातून डबा काढून घेतला आणि झाकण लागेना इतका भरून परत दिला, वर एक पत्र्याचा डबा वेगळा. नोव्हेंबरात मी त्या गावी सहज भेटायला गेले. कॉफी झाली, सासूबाईंनी कपाटातून पिट्सबर्गचा तो पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं, मला एक, काकांना एक, स्वतःला एक. आणि झाकण घट्ट लावून डबा परत कपाटात ठेवला.

आपली,
एक वाचक, आइंडहोवन (मूळ गाव सांगली)